दिसेल तेवढ्याच रस्त्यावर विश्वास

वाचकाचे पत्र: माझे वय ४४ आहे. बारा वर्षांच्या खंडानंतर गेल्या वर्षी मी पुन्हा मोटारसायकल घेतली. आठवड्यातून एका दुपारी तीन-चार तास मुख्य रस्ता सोडून एकटाच आडरस्त्यांनी फिरतो. तेवढाच वेळ माझा स्वतःचा असतो. महिन्यापूर्वी झाडांनी झाकलेल्या एका वळणात शिरताना वेग जास्त झाला. मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला गेली. समोरून कोणी आले नाही, म्हणून वाचलो. घरी मी हे सांगितलेले नाही, कारण माझे एकट्याने जाणे पत्नीला आधीपासूनच पसंत नाही. त्यानंतर दोनदा बाहेर पडलो, पण प्रत्येक वळणात अंग आखडते. एकट्याने फिरणे सोडून एखाद्या गटात सामील व्हावे, की मोटारसायकल विकून टाकावी? आणि त्या रस्त्यावर पुन्हा जावे की नाही?

सप्रेम नमस्कार.

तुमचे सगळे प्रश्न त्या एका वळणातून निघाले आहेत, म्हणून उत्तराची सुरुवातही तिथूनच करतो. त्या दोन-तीन सेकंदांत नेमके काय घडले हे समजून घेण्याआधी गाडी विकण्याचा किंवा गटात जाण्याचा निर्णय घेतलात, तर तो भीतीने घेतलेला निर्णय ठरेल, आणि भीती कशाची हे मात्र कळलेले नसेल. त्यातही गटात गेलात तर ती चूक तुमच्याबरोबर तिथेही येईल, कारण ती एकटे असण्यामुळे झालेली नव्हती.

तुम्ही लिहिता की वेग जास्त झाला. हा वेग कशाच्या मानाने जास्त होता, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. गाडीच्या क्षमतेच्या मानाने तो बहुधा जास्त नव्हता, आणि रस्त्यावरच्या पाटीने कदाचित त्याला परवानगीही दिली असती. तो जास्त होता तो तुम्हाला त्या क्षणी दिसत असलेल्या रस्त्याच्या मानाने. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. धोका दिसल्यापासून ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर २५ मीटर रस्ता काहीही न करताच संपतो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर सराव असलेल्या हातालाही गाडी थांबवायला आणखी सुमारे २३ मीटर लागतात, म्हणजे एकूण ४८ मीटर. याच हिशेबाने ४० च्या वेगाला सुमारे २७ मीटर आणि ८० च्या वेगाला सुमारे ७४ मीटर लागतात. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग ४० वरून ८०, म्हणजे दुप्पट, केला की थांबण्याचे एकूण अंतर सुमारे पावणेतीन पट होते. रस्त्यावर बारीक खडी, ओली पाने किंवा शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल असेल, तर ते आणखी वाढते. आता झाडांनी झाकलेल्या वळणाच्या तोंडाशी उभे राहिल्यावर पुढचा किती रस्ता दिसतो ते आठवून पाहा. पुष्कळदा तो ३० मीटरही नसतो.

आडरस्त्यावर एकट्याने फिरणाऱ्याने पाळायचा पहिला नियम यातूनच निघतो. दिसतो तेवढ्या रस्त्यात, आपल्या बाजूला राहून, थांबता आले पाहिजे. रस्ता एकाच वाहनापुरता अरुंद असेल, तर दिसतो त्याच्या निम्म्यातच थांबता आले पाहिजे, कारण उरलेला निम्मा समोरून येणाऱ्याला थांबण्यासाठी लागणार असतो. हा नियम चढाच्या माथ्यालाही लागू आहे आणि रस्त्यातल्या खोलगट भागालाही. खोलगट भागाबद्दल विशेष सांगतो, कारण तिथे रस्ता पुढे पुन्हा वर आलेला दिसतो आणि मधला तुकडा दिसतच नाही, हे लक्षात येत नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स हे अत्यंत अनुभवी मोटारसायकलस्वार होते. १३ मे १९३५ रोजी ते इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळच्या, नेहमीच्या ओळखीच्या रस्त्याने एकटेच चालले होते. रस्त्यातल्या अशाच एका उंचसखल भागामुळे दोन सायकलस्वार मुले त्यांना वेळेवर दिसली नाहीत, आणि त्यांना चुकवताना ते गाडीवरून फेकले गेले. सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली त्यावर लेख लिहिला, आणि आज आपण जे हेल्मेट घालतो त्यामागच्या विचाराला त्या कामाने मोठे बळ दिले. ओळखीचा रस्ता आणि कुशल हात एवढ्यावर न दिसणाऱ्या तुकड्याची भरपाई होत नाही, हे तुम्हाला पटावे म्हणून हा प्रसंग सांगितला.

वळणात किती रस्ता दिसतो आहे हे चालत्या गाडीवर मोजायचे कसे? वळणाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे एका ठिकाणी एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. ब्रिटनमध्ये पोलीस मोटारसायकलस्वारांना त्या बिंदूवर नजर ठेवायला शिकवतात. तो बिंदू तुमच्याकडे झपाट्याने येत असेल, तर वळण तुमच्या वेगाच्या मानाने आवळलेले आहे आणि वेग तत्काळ कमी केला पाहिजे. तो तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल, तर वेग जमला आहे. तो दूर पळू लागला, तर वळण उघडते आहे आणि हळूहळू वेग वाढवायला हरकत नाही. ही सवय अंगी बाणायला काही आठवडे लागतात, परंतु एकदा बाणली की अनोळखी रस्ताही आपला वेग आपल्याला सांगू लागतो. एक सावधगिरी मात्र घ्या: रस्त्याच्या कडेची झाडांची रांग किंवा विजेचे खांब पाहून रस्ता कुठे जातो हे ठरवू नका. पुष्कळदा खांब सरळ पुढे जातात आणि रस्ता त्यांची साथ सोडून बाजूला वळतो.

आता त्या वळणातल्या दुसऱ्या चुकीकडे येतो. तुम्ही लिहिलेले नाही, तरी माझा अंदाज आहे की त्या क्षणी तुमची नजर वळणाच्या बाहेरच्या कडेवर खिळली होती. घाबरलेला माणूस ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याकडेच पाहतो, आणि मोटारसायकल स्वाराच्या नजरेमागे जाते. त्यात पुढचा ब्रेक एकदम दाबला गेला की झुकलेली गाडी सरळ उभी राहू पाहते, आणि सरळ झालेली गाडी वळणातून बाहेरच जाणार. म्हणजे गाडीने तुमचा विश्वासघात केला नाही. तुमच्या नजरेने आणि हाताने तिला जे सांगितले तेच तिने केले. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची तपासणी करून १९८१ साली अहवाल दिला. ज्या अपघातांत दुसरे वाहन नव्हतेच, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत चूक स्वाराची होती, आणि ती बहुतेक वेळा दोन प्रकारची होती: ब्रेक जास्त दाबून गाडी घसरणे, किंवा जास्त वेगामुळे अथवा पुरेसे न झुकवल्यामुळे वळणात बाहेर जाणे. तुमच्या त्या क्षणात या दोन्ही गोष्टींची सुरुवात होती. हे वाचून निराश होऊ नका. चूक इतकी ओळखीची आहे, याचा अर्थ तिचा उपायही माहीत आहे.

पुरेसे न झुकवणे म्हणजे काय, हेही आकड्यात पाहू. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे. तिथून ४० च्या वेगाने जायला गाडी सुमारे २३ अंश झुकवावी लागते, ५० च्या वेगाने सुमारे ३३ अंश, आणि ६० च्या वेगाने सुमारे ४३ अंश. बारा वर्षांनी परतलेला स्वार सहसा वीस अंशांच्या आसपासच मनाने थांबलेला असतो. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर चांगले टायर याहून बरेच अधिक पेलू शकतात, पण मन तसे मानत नाही, आणि मन मानत नाही तेव्हा हात ब्रेककडे जातो. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, कमी करून घ्यायचा. वळणात गाडी हलक्या, स्थिर ॲक्सिलरेटरवर ठेवायची आणि नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे न्यायची. एवढे करूनही वळण अपेक्षेपेक्षा जास्त आवळले, तर ज्या बाजूला वळायचे आहे त्या बाजूची हँडलची मूठ हलकेच पुढे ढकलायची. गाडी त्याच बाजूला आणखी झुकते आणि वळण घेते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना तुम्ही वळता कसे असे विचारले होते, आणि पहिल्या फटक्यात संपूर्ण बरोबर उत्तर त्यांना कोणाकडूनही मिळाले नव्हते. शरीराला हे येत असते, डोक्याला माहीत नसते, आणि संकटाच्या क्षणी शरीराची ती विद्या भीतीपुढे टिकत नाही. म्हणून ती जाणूनबुजून शिकावी लागते.

तुमचे अंग आखडते, त्याचा संबंध इथेच आहे. मुठी घट्ट आवळल्या आणि कोपर ताठ झाले की ती मूठ ढकलण्याची क्रिया नीट होतच नाही, कारण दोन्ही हात एकमेकांविरुद्ध जोर लावत असतात. टाकी गुडघ्यांनी धरा, कोपर किंचित वाकलेले ठेवा, खांदे सैल सोडा. ताठर झालात हे ओळखण्याची माझी स्वतःची खूण दातांची आहे. दातांवर दात आवळले गेलेले जाणवले की मी पुढच्या मोकळ्या जागी थांबतो आणि हेल्मेट काढून दहा मिनिटे बसतो. तशा अवस्थेत पुढे रेटण्याचा काहीही उपयोग होत नाही, हे मी अनेक वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

पुढचे चार-पाच आठवडे तुमच्या दुपारीतला पहिला अर्धा तास एखाद्या मोकळ्या, रहदारी नसलेल्या, पक्क्या मैदानावर घालवा. ३० ते ४० च्या वेगाने मूठ ढकलून गाडी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकवत जा. त्यानंतर सरळ रेषेत ब्रेकचा सराव करा. पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता स्पंज पिळल्यासारखा वाढत्या जोराने दाबायचा, कारण गाडीचे वजन पुढच्या चाकावर यायला क्षणभर लागतो आणि ते आल्यानंतरच त्या चाकाला खरी पकड मिळते. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर उत्तमच, मोटारसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस १९८८ पासून येऊ लागले आणि त्याने अनेकांना वाचवले आहे. मात्र साधे एबीएस हे मुख्यतः गाडी सरळ असतानाच्या ब्रेकसाठी असते, झुकलेल्या गाडीवर त्याच्या भरवशावर राहू नये. तुमच्या भागात चांगले प्रशिक्षण मिळत असेल, तर एक-दोन दिवसांचे अवश्य घ्या. बारा वर्षांच्या खंडानंतर परत शिकण्यात कमीपणा काहीच नाही.

गटाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गटात मदतीला माणसे असतात, हा त्याचा मोठा आणि खरा फायदा आहे, आणि कोणाला तशी सोबत आवडत असेल तर त्याने जरूर जावे. परंतु गटाला स्वतःचा एक वेग असतो आणि मागे पडणारा माणूस नकळत तो वेग गाठायला जातो. ज्याला आत्ता स्वतःचा वेग पुन्हा शोधायचा आहे, त्याच्यासाठी ही वेळ गटाची नाही. एकटा असलेला माणूस कुठेही थांबू शकतो, एखादे वळण आवडले नाही तर चालण्याच्या वेगाने काढू शकतो, माघारी फिरू शकतो, आणि कोणालाही कारण देण्याची गरज नसते. तुम्ही लिहिलेत, 'तेवढाच वेळ माझा स्वतःचा असतो.' हे वाक्य मी गांभीर्याने घेतो. इंजिनाचा एकसारखा आवाज, दर क्षणी बदलणारा रस्ता, आणि लक्ष इतके पूर्ण गुंतलेले की दुसरा विचार आत शिरू शकत नाही, यातून मिळणारी विश्रांती आडवे पडून मिळत नाही. ती सोडा असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मात्र त्या दुपारीची मांडणी बदला. भरपेट जेवणानंतर लगेच निघू नका. दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान शरीराची जागरूकता निसर्गतःच थोडी उतरते, जेवण हलके असले तरी ती उतरते, आणि निवांत रस्त्यावरचा एकसुरी वारा त्यात भर घालतो. शक्य असेल तर तीनच्या पुढे निघा, आणि पाऊण-एक तासाने थांबून पाणी प्या. कडक उन्हात वाऱ्यामुळे थंड वाटते म्हणून तहान उशिरा कळते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, वर गेले की वारा अंगातली उष्णता नेण्याऐवजी उलट अंगाला देऊ लागतो आणि सगळा भार घामावर पडतो. अशा वेळी बाह्या उघड्या टाकून जाण्यापेक्षा जाळीचे पूर्ण जाकीट घातलेले अधिक सुरक्षितही आणि अधिक सुसह्यही असते.

उतरत्या दुपारीचे ऊन हा आडरस्त्यांचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवा भाग आहे. तिरप्या उन्हात झाडांखालून जाताना सावली आणि प्रकाश यांचे पट्टे इतक्या वेगाने डोळ्यांवरून जातात की डोळ्यांना कशाचीच सवय होत नाही, आणि सावलीच्या पट्ट्यात पडलेली खडी किंवा खड्डा दिसतच नाही. तुमचे वळण झाडांनी झाकलेले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. दाट सावली पुढे दिसली की तिच्यात शिरण्याआधीच वेग उतरवा. हेल्मेटची गडद काच लावत असाल तर साधी पारदर्शक काच बरोबर ठेवा. ओरखडे पडलेली काच तिरप्या उन्हात पांढरी पडते, ती बदला.

सूर्य एका तासात १५ अंश सरकतो. हात पूर्ण लांबवून, बोटे आडवी धरून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते पाहिले, तर एका बोटाला सुमारे पंधरा मिनिटे असा सूर्यास्ताचा ढोबळ अंदाज येतो. पाहताना सूर्याकडे थेट टक लावू नका. आठ बोटे उरली की मी परतीला लागतो. मार्ग आखताना जाताना पश्चिमेकडे आणि येताना पूर्वेकडे असा आखला, तर परतीच्या वेळी सूर्य पाठीमागे राहतो आणि पुढचा रस्ता स्वच्छ दिसतो. परंतु त्याच वेळी समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत थेट सूर्य असतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही, हे विसरू नका. आपल्याला सगळे स्पष्ट दिसत असताना आपण मात्र कोणाला दिसत नाही, अशी ती वेळ असते. दिवा लावलेला ठेवा, फाट्यांवर आणि शेतातून रस्त्याला मिळणाऱ्या वाटांवर समोरचा थांबेल असे गृहीत धरू नका, आणि संध्याकाळ होऊ लागली की जनावरे रस्त्यावर येतात हेही लक्षात ठेवा. एक जनावर रस्ता ओलांडून गेले, तर दुसरे मागे आहे असे धरूनच चाला.

गाडीच्या तयारीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यातले बरेचसे तुम्हाला माहीत असणार. टायरमधली हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, गाडीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे तपासा. टायरच्या खाचा, चेनचा ताण, दोन्ही ब्रेक आणि सगळे दिवे पाहा. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर काढण्याचा संच आणि हवा भरण्याचा लहान पंप बरोबर ठेवा, आणि तो घरी एकदा वापरून पाहा. टाकी अर्ध्यावर आली की परतायचे किंवा पेट्रोल भरायचे. मऊ जमिनीवर साइड स्टँडखाली ठेवायला एक चपटा, कडक तुकडा असू द्या, नाहीतर गाडी आडवी होते. एकट्याने आडवी गाडी उचलताना आधी इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मग तिच्याकडे पाठ करून बसा, हँडल आणि मागची पकड धरा, आणि पाठीने न ओढता पायांच्या जोराने मागे चालत तिला उभी करा. ती साइड स्टँडच्या विरुद्ध बाजूला पडली असेल तर स्टँड आधीच उघडून ठेवा, म्हणजे उभी होऊन पलीकडे कोसळणार नाही. हेल्मेटविषयी वाद घालण्याजोगे काहीच उरलेले नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका प्रसिद्ध आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले आहे. अर्थात ते हनुवटीखाली घट्ट बांधलेले असेल तरच.

आता घराविषयी. तुम्ही पत्नीला ती घटना सांगितली नाहीत, कारण सांगितले तर जाणे बंद होईल अशी तुम्हाला भीती वाटते. मला वाटते, तुमचे आखडणे काही अंशी त्यातूनही आले आहे. प्रत्येक वळणात तुम्ही गाडीबरोबर ती न सांगितलेली गोष्टही वाहून नेत आहात. त्यांना सांगा. मात्र 'काही झाले नाही, थोडक्यात वाचलो' असे सांगू नका, कारण त्या वाक्यातून ऐकणाऱ्याला फक्त नशिबाची गोष्ट ऐकू येते. काय चुकले, ते का चुकले, आणि आता मी काय शिकतो आहे, हे क्रमाने सांगा. मैदानावरच्या सरावाला एकदा त्यांनाही यायचे असेल तर बरोबर न्या, म्हणजे तुम्ही कसली तयारी करता आहात हे त्यांना दिसेल. त्या चिडतील, कदाचित रडतीलही, आणि तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही महिनाभर त्यांना अंधारात ठेवले, ही गोष्ट त्यांना त्या वळणापेक्षाही अधिक लागण्याची शक्यता आहे, तेव्हा त्याबद्दल आधी क्षमा मागा आणि मगच रस्त्याबद्दल बोला.

घरी बसलेल्या माणसाला छळणारी गोष्ट म्हणजे काहीच न कळणे. फोन लागत नाही, याचा अर्थ डोंगरामागे नेटवर्क नाही की तुम्ही खड्ड्यात पडला आहात, हे त्यांना कसे कळावे? म्हणून निघण्यापूर्वी मार्ग लिहून किंवा नकाशावर दाखवून ठेवा, आणि तो बदलायचा झाला तर बदलण्याआधी, नेटवर्क असलेल्या ठिकाणाहून, कळवा. परतीची वेळ ठरवा. त्या वेळेनंतर किती मिनिटे वाट पाहायची, मग कोणाला फोन करायचा, आणि शोध कुठून सुरू करायचा, हे दोघांनी मिळून आधीच ठरवून ठेवा. फोनवरून तुमचे ठिकाण सतत कळत राहील अशी सोय करता येते आणि ती अवश्य करा, परंतु नेटवर्क नसलेल्या भागात नकाशावरचा तो ठिपका शेवटच्या जागी स्थिर राहतो, हे त्यांना आधी समजावून सांगा, नाहीतर ती सोयच काळजीचे कारण होईल. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे तो नेटवर्कविना चालेल. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी त्या जागी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या मोबाइल नेटवर्कवरून लागू शकतो. रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा क्रमांक फोनच्या बंद पडद्यावरूनही दिसेल असा ठेवा, आणि त्याच माहितीचा एक कागद जाकिटाच्या खिशात ठेवा. हा फोन हँडलवर न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवा, कारण माणूस आणि गाडी वेगवेगळ्या जागी पडू शकतात. ठरलेल्या वेळेचा मान मात्र काटेकोरपणे ठेवा. एखादा रस्ता कितीही खुणावत असला, तरी दिलेली वेळ मोडून त्याच्यावर जाऊ नका. तो पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.

सांगूनही पत्नीने नकोच म्हटले तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात असणार. तेव्हा एक दुपार जाऊ नका, ऐकून घ्या, आणि त्यांना नेमके कशाचे भय वाटते ते विचारा. पुष्कळदा उत्तर अगदी ठरावीक निघते: अंधार पडल्यावर बाहेर असणे, पाऊस, किंवा एखादा विशिष्ट घाट. ते सोडून देणे तुमच्या हातात आहे, आणि ते सोडले म्हणून तुमच्या दुपारीतले फारसे काही कमी होणार नाही.

शेवटी त्या वळणाविषयी. तिथे पुन्हा जा, पण या चार-पाच आठवड्यांच्या सरावानंतर, कोरड्या दिवशी, ऊन डोक्यावरून थोडे कलले असताना, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही बेत न ठेवता. वळणाच्या बरेच अलीकडे, रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी गाडी लावा आणि हेल्मेट काढून, वाहनांचा कानोसा घेत, रस्त्याच्या कडेने ते वळण पायी चालून पाहा. दोन्ही कडा कुठे मिळतात, खडी कुठे साचली आहे, सावली कुठे सुरू होते, कोणत्या बाजूला रस्त्याचा उतार आहे, आणि तुम्ही त्या दिवशी कुठून बाहेर गेलात, हे सगळे पाहून घ्या. मग परत येऊन ३० च्या वेगाने ते काढा. परतताना तेच वळण उलट दिशेने घ्यावे लागेल, आणि उलट दिशेने ते अगदी वेगळे वळण असते, तेव्हा चालून पाहताना तिकडून येणाऱ्याच्या नजरेनेही एकदा पाहून घ्या.